टिकलीआडचा दिवा

मित्रांनो, मी एक जुना लाल दिवा आहे. दिल्लीत लाल दिवा म्हटले की मोठ्या साहेबांच्या गाडीच्या टपावर गरगर फिरणारा दिवा लोकांच्या डोळ्यांपुढे येतो. ते दिवे केव्हाच उतरले, आणि त्यांच्या थाटामाटाशी माझा कधी संबंधही नव्हता. मी गाडीच्या आत, स्टिअरिंगच्या मागे, काळ्या काचेखाली बसणारा वाटाण्याएवढा दिवा. माझ्यावर तेलाच्या झारीचे चित्र आहे आणि झारीच्या चोचीतून एक थेंब पडतो आहे. ज्यांच्या घरी मी राहिलो त्या मीनाक्षीबाईंना पहिल्या दिवशी ती चहाची किटली वाटली होती.

आज मी पश्चिम दिल्लीतल्या एका जुन्या सुट्या भागांच्या दुकानात, खोक्यात पडून आहे. शेजारी वेगाचा काटा आहे, पेट्रोलचा काटा आहे, दोघेही शून्याला टेकलेले. त्यांच्याशी बोलण्यासारखे आता काही उरले नाही, म्हणून तुमच्याशी बोलतो.

माझे काम जरा उफराटे आहे. बाकीचे दिवे लागले की कामाला आले म्हणायचे. मी मात्र विझलेला असलो तरच सगळे ठीक. किल्ली फिरवली की मी क्षणभर लागतो, इंजिन सुरू झाले की विझतो, आणि मग प्रवासभर अंधारात बसून राहतो. त्यामुळे माझ्याकडे कुणी बघावे असा प्रसंगच येत नाही. याचे मला पहिल्यापासून थोडे वाईट वाटत आले आहे, ते लपवून काय करू?

इंजिनाच्या पोटात तेल असते हे तुम्हाला ठाऊक असेल. तळाशी एक लहानसा पंप असतो. तो जाळीतून तेल ओढतो आणि बारीक बारीक वाटांनी वर ढकलतो. लोखंड लोखंडावर घासू नये म्हणून मध्ये तेलाचा एक पातळ थर लागतो, आणि तो थर टिकतो या ढकलण्याच्या जोरावर. त्या जोराला तेलाचा दाब म्हणतात. इंजिनाच्या कुशीत एक छोटे बटण बसवलेले असते आणि त्याची तार माझ्यापर्यंत येते. तेलाने ते बटण दाबून धरले तोवर मी शांत. तेलाचा जोर सरला की बटण सुटते आणि मी पेटतो. तेल किती आहे हे मला कळत नाही. ते पोचते आहे की नाही, एवढेच मला कळते. दिल्लीत तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्यांना यातला फरक समजावून सांगावा लागत नाही. खाली टाकी काठोकाठ भरलेली असते आणि वर नळातून नुसता सूं सूं आवाज येत असतो.

माझा जन्म गुरुग्रामच्या पलीकडच्या एका कारखान्यात झाला. तिथे एका मुलीने मला एकदा पेटवून पाहिले, मान डोलावली आणि पुढे सरकवले. आयुष्यात मला मिळालेली शाबासकी ती एवढीच.

दसऱ्याच्या दिवशी अण्णासाहेबांनी आमची गाडी घरी आणली. अण्णासाहेब मूळचे सातारा जिल्ह्यातले, पण नोकरीचा सगळा जन्म दिल्लीत केंद्र सरकारच्या एका पेन्शन कचेरीत गेलेला. नाकासमोर चालणारा माणूस. कुणाची फाइल अडवली नाही आणि कुणाची नियम सोडून पुढेही ढकलली नाही. मीनाक्षीबाईंनी गाडीच्या नाकाडावर स्वस्तिक काढले, झेंडूचा हार घातला, चाकाखाली लिंबू ठेवले. त्यांची मुलगी देवयानी तेव्हा कॉलेजात होती. ती मागच्या सीटवर बसून म्हणाली, "अण्णा, अब चलो ना यार, किती पूजा." अण्णासाहेबांनी तिच्याकडे आरशातून नुसते पाहिले, पण ते हसत होते.

ती वर्षे सुखाची होती. सकाळी कचेरी, संध्याकाळी भाजी, रविवारी कुणाकडे हळदीकुंकू. गाडी रोज चालायची, पुरती तापायची, वेळच्या वेळी तेल बदलले जायचे. मी किल्लीबरोबर एकदा डोळा उघडायचो आणि मिटायचो. आणि दर वर्षी चौदा जानेवारीला आमची एक मोठी फेरी ठरलेली असे. मीनाक्षीबाईंचे थोरले भाऊ राजाभाऊ कऱ्हाडजवळच्या गावाहून रेल्वेने यायचे, आणि तिघे मिळून पानिपतच्या लढाईच्या स्मारकस्तंभाला, काला अंबला जायचे. मीनाक्षीबाईंच्या माहेरचा कुणी पूर्वज त्या लढाईला गेला आणि परतला नाही, असे त्यांच्या घरात पिढ्यान् पिढ्या सांगत आले आहेत. त्याचे नावसुद्धा आता कुणाला ठाऊक नाही. राजाभाऊ गावच्या मातीची एक पुडी बरोबर आणायचे आणि स्तंभापाशी ठेवायचे. "त्याला घरी येता आलं नाही, तर घरानं त्याच्याकडे जावं," एवढेच म्हणायचे.

पुढे अण्णासाहेब निवृत्त झाले. द्वारकेला फ्लॅट घेतला. फाटकाबाहेर मेट्रो, कोपऱ्यावर भाजीवाला, औषधे घरपोच. देवयानी गुरुग्रामला नोकरीला लागली आणि तिकडेच राहू लागली. गाडी खाकी कापडाखाली उभी राहिली. अण्णासाहेबांना ते बघवेना. वस्तू वापरली नाही तर खराब होते, हे त्यांना पक्के ठाऊक होते, पण मेट्रो सोडून गर्दीत गाडी घालण्याचा त्यांना कंटाळा होता. मग त्यांनी त्यांच्या स्वभावाला शोभेल असा मार्ग काढला. रोज सकाळी पूजा आटोपली की ते खाली यायचे, कापड उचलायचे, किल्ली फिरवायचे, इंजिनाला काही मिनिटे जागच्या जागी गुरगुरू द्यायचे आणि बंद करून वर जायचे.

"गाडीची हजेरी घेऊन आलो," असे ते मीनाक्षीबाईंना सांगत.

मित्रांनो, घोळ झाला तो इथेच. ज्याने सारी हयात मस्टरवर सही करण्यात घालवली, त्याला हजेरी लागली म्हणजे दिवस भरला असे वाटणे साहजिक आहे. इंजिनाचे तसे नसते. थंड इंजिन सुरू होताना पेट्रोल जास्त पिते, आणि न जळलेले पेट्रोल हळूच खाली तेलात उतरते. गार लोखंडावर वाफेचे पाणी धरते, तेही तेलात मिसळते. गाडी लांबवर चालली, पुरती तापली, तर हे दोन्ही उडून जाते. पण काही मिनिटांच्या हजेरीत कुठले तापणे? रोज थोडे पेट्रोल, रोज थोडे पाणी. तेल वरून पातळ होत गेले आणि तळाशी त्याचा काजळीसारखा चिखल बसू लागला. नंतर गॅरेजात इंजिनाचा तळ उघडला तेव्हा पंपाची जाळी त्या चिखलाने लिंपून गेली होती.

वरून पाहणाऱ्याला यातले काही दिसत नव्हते. दर रविवारी अण्णासाहेब तेल मोजायची दांडी बाहेर काढत, पांढऱ्या फडक्याने पुसत, पुन्हा बुडवून उजेडात धरत. तेल खुणेपर्यंत असायचे, उलट कधी कधी खुणेच्या किंचित वरच. ते शेजाऱ्यांना बोलावून दाखवायचे. "बघा, इतकी वर्षं झाली, थेंबभर तेल खाल्लं नाही." ते वाढलेले तेल नसून आत उतरलेले पेट्रोल आहे, हे त्यांना कोण सांगणार? मी तेव्हा बोललो असतो, पण मला एकच शब्द येतो आणि तो उच्चारण्याची वेळ अजून आली नव्हती.

ती आली एका सप्टेंबरात. मीनाक्षीबाईंना डोळ्यांच्या तपासणीला न्यायचे होते म्हणून गाडी बरीच लांब गेली, चांगली तापली, आणि एका चौकात सिग्नलला थांबली. पातळ तेल गरम होऊन आणखी पातळ झाले, इंजिन मंद फिरत होते, पंपाचा जोर पुरेना. मी लुकलुकलो. अण्णासाहेबांनी मला पाहिले. सिग्नल सुटला, इंजिनाचा वेग वाढला आणि मी विझलो.

दुसऱ्याच दिवशी त्यांनी सोसायटीच्या फाटकाबाहेरच्या मेकॅनिकला गाठले. तो म्हणाला, "सर, प्रेशर का मीटर लगाकर देख लेते हैं. हो सकता है सेन्सर हो, हो सकता है अंदर का काम हो."

"अंदर का क्या होगा," अण्णासाहेब म्हणाले. "तेल तो फुल है. सेन्सर बदल दो."

"तेल भी बदल दूँ? काफी काला है."

"दहा हजार किलोमीटर कहाँ हुए अभी."

गाडी वर्षाकाठी जेमतेम काही शे किलोमीटर चालत होती. कंपनीने तेल बदलायचे दहा हजारांवर सांगितले होते आणि अण्णासाहेब नियमाबाहेर जाणारे नव्हते. सेन्सर म्हणजे माझे ते बटण; ते नवे बसले. पुढच्या खेपेला गरम इंजिन सिग्नलला थांबले आणि मी पुन्हा लुकलुकलो. अण्णासाहेबांनी कपाळाला आठ्या घातल्या आणि निकाल दिला, "आजकाल नवे पार्ट पण डुप्लिकेट येतात." त्या दिवसापासून मी खोटारडा ठरलो.

पण एकदा मनात शंका शिरली की माणसाला चैन पडत नाही. मी लागलो की अण्णासाहेबांचा हात स्टिअरिंगवर घट्ट व्हायचा, कानशिले लाल व्हायची. मीनाक्षीबाईंना ते दिसत होते. डॉक्टरांनी अण्णासाहेबांना जिवाला त्रास करून घेऊ नका असे बजावलेले. एके दिवशी एका लांबलचक सिग्नलला मीनाक्षीबाईंनी पर्समधून टिकल्यांचे पाकीट काढले, त्यातली एक मोठी मरून टिकली घेतली, पुढे वाकल्या आणि माझ्यावरच्या काचेवर चिकटवून टाकली.

"आता दिसतोय का?" त्यांनी विचारले.

"नाही," अण्णासाहेब म्हणाले.

"मग झालं तर. त्याला उगीच डोळे वटारायची सवय लागलीये."

अण्णासाहेब मनापासून हसले. कित्येक दिवसांनी गाडीत कुणी हसले होते, म्हणून मला त्या बाईंचा रागही धड करता येईना. पण मित्रांनो, ज्याच्या नशिबी एकच शब्द, त्याच्या तोंडावर हात ठेवला तर त्याने काय करायचे? त्यानंतर मी पेटायचो तेव्हा टिकलीच्या कडेने लाल रेघ तेवढी दिसायची, तीही बघणाऱ्यालाच.

त्याच वर्षी दिवाळीनंतर राजाभाऊ गेले. दोघे अंत्यविधीला पोचली, पण मीनाक्षीबाईंची भावाशी शेवटची भेट झाली नाही. पौषात राजाभाऊंच्या मुलाने कुरिअरने मातीची पुडी पाठवली आणि फोनवर सांगितले, "आत्या, बाबांनी सांगून ठेवलं होतं. त्यांच्यानंतर ही तू ठेवायचीस." त्या पुडीचा मीनाक्षीबाईंना एवढा ध्यास लागला की ती त्यांनी देवघरात देवाशेजारी ठेवली आणि रोज तिलाही फूल वाहिले. देवयानीने कॅब करून देते म्हटले. अण्णासाहेबांनी ऐकले नाही. दिल्लीत जुन्या गाड्यांना वयाची अट आहे, आणि आमची गाडीही त्या अटीला टेकलेली. "राजाभाऊ दर वर्षी याच गाडीतून गेले," ते म्हणाले. "या वर्षी त्यांची पुडीही हिच्यातूनच जाईल."

चौदा तारखेला सकाळी धुके इतके दाट होते की पुढच्या ट्रकचे मागचे दिवे तेवढे दिसत होते. मीनाक्षीबाई शाल पांघरून पुढे बसल्या होत्या आणि पुडी त्यांच्या मांडीवर, दोन्ही हातांत. शहर मागे पडले. सिंघूची सीमा ओलांडली, कुंडली गाव ओलांडले. इंजिन तापले, आणि कित्येक महिन्यांत प्रथमच ते इतका वेळ सलग पळत होते. तळातला चिखल हलला आणि जाळीवर जाऊन बसला. पंप ओढत राहिला, पण त्याच्या तोंडी तेल येईना. मी पेटलो. आता लुकलुकणे नव्हते. चालत्या गाडीत, भर वेगात, मी पुरता पेटलो आणि टिकलीआड जळत राहिलो. माझ्या जिवाची जी तगमग झाली ती सांगता येत नाही. पुढे दोन माणसे बसली होती आणि मला त्यांना हाक मारता येत नव्हती.

थोड्याच वेळात इंजिनाच्या डोक्यातून आवाज येऊ लागला. बारीक, टकटक असा.

"अहो, हा आवाज कसला?" मीनाक्षीबाईंनी विचारले.

"शेजारच्या ट्रकचा."

ट्रक पुढे निघून गेला. आवाज तसाच राहिला. मीनाक्षीबाई सावरून बसल्या. त्यांनी माझ्याकडे पाहिले, आणि टिकलीभोवतीची लाल रेघ त्यांना दिसली. मला त्यांचा चेहरा समोर दिसत होता. त्यांनी रेघेकडे पाहिले, मग मांडीवरच्या पुडीकडे पाहिले. गाडी थांबली तर ती पुडी आज पोचणार नाही, हे त्यांना कळत होते. भावाने विश्वासाने सोपवलेले एकच काम होते, आणि ते हातचे जाऊ पाहत होते. त्यांनी ओठ मिटून घेतले. तो एवढासा वेळ मला फार मोठा वाटला. मग त्या पुढे वाकल्या आणि नखाने टिकली खरवडून काढली.

माझा उजेड सगळा बाहेर पडला.

"अहो, दिवा लागलाय. थांबा."

"सेन्सर आहे तो. तुला माहितीये ना."

"असेल सेन्सर. पण आवाजही येतोय. थांबा तुम्ही."

"मीनाक्षी, आत्ता थांबलो तर पुडी राहील. राजाभाऊंना काय सांगणार?"

"दादाला मी सांगेन," मीनाक्षीबाई म्हणाल्या. "गेलेल्या माणसासाठी तुम्हाला रस्त्यावर घालवायचं का मी? थांबवा गाडी."

अण्णासाहेब हट्टाला पेटले होते असे मी म्हणणार नाही. बायकोचे एवढे एक मागणे पुरे करायचे, एवढेच त्यांच्या मनात होते. ते म्हणाले, "पुढे मुरथल येतंय. धाब्यावर थांबतो, बिल्कुल थांबतो." तिथेच कडेला थांबले असते, किल्ली बंद केली असती, तर कदाचित इंजिन वाचले असते. मुरथलपर्यंतच्या त्या पट्ट्यात ते गेले. टकटकीची खडखड झाली, खडखडीची धडधड झाली. एका धाब्याच्या अंगणात गाडी वळली तेवढ्यात आतून एक कर्कश आवाज आला आणि इंजिन अडकले ते अडकलेच. गाडी उरल्या वेगाने सरकत जाऊन एका बाजेपाशी थांबली. मागे महामार्गावर धुक्यात ट्रक एकामागून एक जात होते. थोडे आधी, महामार्गावरच्या एखाद्या पुलावर, इंजिन असे अडकले असते तर काय झाले असते, हे दोघांच्याही मनात आले असावे, कारण दोघांनीही मान वळवून त्या रस्त्याकडे पाहिले.

अण्णासाहेबांनी दोनतीनदा किल्ली फिरवली. आत खट्ट एवढाच आवाज व्हायचा. मीनाक्षीबाई खाली उतरल्या आणि पुडी छातीशी धरून धुक्यात उभ्या राहिल्या. त्या रडत नव्हत्या, पण त्यांच्याकडे बघवत नव्हते.

तेवढ्यात एक छोटी बस अंगणात येऊन थांबली. पुढच्या काचेवर भगवा झेंडा होता. दहाबारा मुले-मुली हात चोळत पराठ्यांसाठी उतरली. बोलणे सगळे मराठीत. लातूर, परभणी, नंदुरबार अशा गावांहून दिल्लीत स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासाला आलेली ही मुले. त्यांच्यातली प्रणिता नावाची एक मुलगी अण्णासाहेबांचे "आता काय करायचं गं" हे वाक्य ऐकून थबकली.

"काकू, तुम्ही पण काला अंबला निघालात का?"

मीनाक्षीबाईंनी मान हलवली आणि पुडी दाखवली. दोन वाक्यांत सगळे सांगितले. प्रणिता धावत जाऊन ड्रायव्हरशी बोलून आली. "एक सीट आहे काकू. दोन असत्या तर काकांनाही नेलं असतं, पण एकच आहे. परत येताना इथेच सोडतो."

मीनाक्षीबाईंनी नवऱ्याकडे पाहिले. इतक्या वर्षांत त्या एकट्या कुठे गेल्या नव्हत्या, आणि तेही परक्या मुलांबरोबर.

"तू जा," अण्णासाहेब म्हणाले. "पुडी पोचली पाहिजे. मी आहे इथे."

त्या गेल्या. बस धुक्यात दिसेनाशी झाली तसे अण्णासाहेबांनी देवयानीला फोन लावला. फोन त्यांनी स्पीकरवर ठेवला होता, म्हणून तिचे बोलणे मला ऐकू आले.

"अण्णा, आधी सांगा, तुम्ही दोघं ठीक आहात ना?"

"ठीक आहोत. आई काला अंबला गेली. गाडी गेली, बहुतेक."

"मी गाडी उचलणारा ट्रक घेऊन निघते. तोपर्यंत एक करा, तेलाची दांडी काढा. बोटावर तेल घ्या आणि वास घ्या."

अण्णासाहेब उतरले. नाकाड उघडले. नेहमीसारखी दांडी काढली, पण या वेळी फडक्याला न पुसता बोटावर थेंब घेतला. थेंब बोटावर ठरला नाही, मनगटापर्यंत ओघळला. त्यांनी बोट नाकापाशी नेले. मग फोन पुन्हा उचलला. "पेट्रोलचा वास येतोय."

"तेल कधी बदललं होतं?"

"दहा हजार किलोमीटर कुठे झालेत अजून."

"अण्णा," देवयानी हलकेच म्हणाली, "दहा हजार किलोमीटर किंवा एक वर्ष. यांपैकी जे आधी होईल ते."

यांपैकी जे आधी होईल ते, हे शब्द अण्णासाहेबांनी पेन्शनच्या कागदांवर आयुष्यभर लिहिले होते. कित्येक म्हाताऱ्यांना खिडकीपाशी बसवून समजावून सांगितले होते. त्यांनी फोन ठेवला आणि गाडीत येऊन बसले. किल्ली एक पायरी फिरवून सोडून दिली. इंजिन बंद, फक्त मी पेटलेला. ते माझ्याकडे बघत राहिले.

मित्रांनो, त्या वेळी मला वाचा असती तर मी त्यांना काही बोल लावला नसता. एवढा एक माणूस माझ्याकडे नीट बघतो आहे, यानेच मला भरून आले होते. पण तुम्हाला मी मनापासून विनवतो. घरात कुणाची गाडी असेल, पंप असेल, एखादे यंत्र असेल, तर त्याची नुसती हजेरी घेऊ नका. त्याला त्याचे काम करू द्या, पुरते तापू द्या. त्याचे तेल भांड्यात किती आहे एवढ्यावर समाधान मानू नका, ते पोचते आहे का ते बघा, आणि वर्ष उलटले की बदला. आणि लाल दिवा लागला तर तो खरा की खोटा हे बसून ठरवत राहू नका. आधी थांबा. दिवा खोटा ठरला तर एक फेरी चुकेल. तो खरा निघाला आणि तुम्ही थांबला नाहीत, तर काय जाईल ते सांगता येत नाही. आणि माणसांचेही असेच असते. एखादे माणूस एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगू लागले की ती ऐकून आपल्याला कंटाळा येतो. त्या कंटाळ्याने त्याचे तोंड झाकू नका.

दुपार कलली. धुके जरा विरले आणि पुन्हा दाटू लागले. बस परत आली. मीनाक्षीबाई उतरल्या, मुलांनी त्यांना वाकून नमस्कार केले. त्या गाडीत आपल्या जागेवर येऊन बसल्या. हात रिकामे होते.

"पोचली?" अण्णासाहेबांनी विचारले.

"पोचली. मुलांनी वाट करून दिली. दादा ठेवायचा तिथंच ठेवली." "येताना सारखं मनात येत होतं, मी ती टिकली लावली नसती तर..."

"लावलीस तू," अण्णासाहेब म्हणाले, "पण हवी मला होती."

मीनाक्षीबाईंनी त्यांच्या हातावर हात ठेवला. बाहेर अंधारू लागले होते. गाडी उचलणारा ट्रक मिळायलाच दुपार झाली होती, त्यामुळे देवयानी अजून वाटेत होती.

"किल्ली बंद करा की आता," त्या म्हणाल्या. "बॅटरी उतरेल."

"उतरू दे. जरा बघू दे याच्याकडे."

रोजच्या हजेरीने बॅटरीही दुबळी झाली होती. सुरू व्हायला लागे ते जास्त, परत मिळे ते थोडे. दिवसभर मी तिच्यावर जळत होतो. हळूहळू माझा उजेड उतरू लागला. लालाचा तांबूस झाला, तांबसाचा निखाऱ्यावर राख धरावी तसा झाला. ती दोघे माझ्याकडे बघत होती. मी विझलो, तरी बराच वेळ त्यांनी नजर हलवली नाही.